जमादारीण आणि शिवणखोलीचं कुलूप

“मामी, ही टोपली वर शिवणखोलीत ठेवू का गं?” खारूने विचारलं.

“हं,” मामी म्हणाली.

या ‘हं’ला काडीचाही अर्थ नव्हता आणि खारूला ते पक्कं ठाऊक होतं. मामी व्हरांड्यात गुडघे टेकून एका गिऱ्हाईक बाईंच्या झग्याची खालची कड टाचत होती आणि तिच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. टाचण्या तोंडात असताना घराला आग लागल्याचं जरी कुणी सांगितलं असतं, तरी मामीने ‘हं’ म्हणून पुढची टाचणी लावली असती. घरातले सगळे तिच्या या सवयीचा फायदा घेत. मामा तर मित्रांकडे जेवायला जायची परवानगी नेहमी टाचण्यांच्या वेळेलाच काढायचा. पण उद्या कुणी विचारलंच तर ‘आम्ही विचारलं होतं’ असं सांगता यायला हवं, म्हणून खारूने विचारून घेतलं होतं.

“चला,” ती पुटपुटली. बंबने टोपलीचा एक कान धरला, खारूने दुसरा, आणि मागोमाग शंकी पाण्याची बाटली छातीशी धरून निघाली.

खारू म्हणजे घरातली सगळ्यात उचापती मुलगी. दिसेल त्या झाडावर चढते म्हणून खारू. तिची धाकटी बहीण शंकी हिला दिवसभर शंका पडत असत आणि त्या ती विचारूनच थांबत असे. दोघी सुट्टीत मामाकडे आल्या होत्या. बंब हा मामाचा मुलगा, खारूच्याच वयाचा. राग आला की त्याचा चेहरा आधी गुलाबी, मग लाल आणि मग पाणी तापवायच्या बंबासारखा होई. आज सकाळपासून तो लालच होता.

कारण टोपलीत होती जमादारीण.

जमादारीण ही मामाच्या परसातली सगळ्यात रुबाबदार कोंबडी. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की ती कुंपणाच्या कडेकडेने अशी फेरी मारायची, जणू रात्री काय काय चोरीला गेलंय ते हिलाच तपासायचंय. बाकीच्या कोंबड्या तिच्या मागून गुपचूप चालत. तीच जमादारीण गेल्या आठवड्यात खारूला जिन्याखाली सापडली, एक पाय पोटाशी घेतलेली, पायावर रक्त. मामा तेव्हा बूट घालत होता. त्याने लांबूनच मान तिरकी करून बघितलं आणि निकाल दिला, “कुत्रं चावलं.”

आसपास कुत्रं एकच होतं, शेजारच्या घड्याळकाकांचा शेठ. घड्याळकाका घरीच घड्याळं दुरुस्त करत, आणि शेठ त्यांच्या पायरीवर दिवसभर लोळत असे. त्याने उभ्या जन्मात कुणाचा पाठलाग केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण मामा कुंपणावरून ओरडला, काका तिकडून ओरडले, आणि शेवटी शेठच्या गळ्यात साखळी आली. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता.

मुलांनी आपल्या परीने उपचार केले. जखमेवर घरातलं पिवळं मलम थापलं. परसात सोडली तर बाकीच्या कोंबड्या लाल जखमेवरच चोची मारायला धावत, म्हणून तिला न्हाणीघरात टोपलीखाली ठेवलं. खारू तिला दाणे भिजवून भरवत होती. पण पाय काही खाली टेकेना. उलट तो दिवसेंदिवस सुजत चालला.

आणि आज सकाळी मामाने दाढी करता करता जाहीर केलं की संध्याकाळी खानावळवाले येतील, त्यांना ती देऊन टाकू. खारूने विनवण्या केल्या. ती बरी होईल, मला थोडे दिवस दे, असं तिने परत परत सांगितलं. मामाने फेसाळ गालांनी तिच्याकडे बघून हसत “बरं, बरं” म्हटलं आणि दुसऱ्या गालावर वस्तरा फिरवला. ते ‘बरं, बरं’ आणि मामीचं ‘हं’ एकाच जातीचं होतं. या घरात माया भरपूर होती, पण ऐकायला कुणालाच वेळ नव्हता. खारूच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने न्हाणीघरात जाऊन पुसलं आणि तिथेच बेत ठरवला. खानावळवाले येऊन हात हलवत परत जाईपर्यंत जमादारीण कुणाला दिसताच कामा नये.

शिवणखोली म्हणजे परसातल्या कोठीवर बांधलेली एकच खोली. बाहेरून लोखंडी जिना, एक जाड दार, आणि दोन बाजूंना गजांच्या दोन खिडक्या. आत मामीचं पायमशीन, कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीवर रंगीत रिळांची फळी, आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला फुलाफुलांचा मोठा पडदा लावून केलेला आडोसा. कोंबड्यांना इथे सक्त मनाई होती. एकदा जमादारीणबाई पांढऱ्या कापडावर चिखलाच्या पायांनी फेरी मारून गेल्या होत्या, तेव्हापासून.

“म्हणूनच इथे कुणी शोधणार नाही,” खारू म्हणाली.

ते टोपली घेऊन आडोशात शिरले तोच जिना वाजला. तिघांनी श्वास रोखले. मामी आली होती. आता तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, ती गुणगुणत होती. शाळा उघडायच्या आत गणवेशांचा शेवटचा गठ्ठा पोहोचवायचा होता. तिने उरलेल्या सदऱ्यांवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली. वाफेचा वास खोलीभर पसरला. बंबच्या नाकात काहीतरी हुळहुळलं, तर शंकीने त्याचं नाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं. खारूने टोपलीवर आपली ओढणी टाकून अंधार केला होता, त्यामुळे जमादारीण चूप होती.

मामीने गठ्ठा बांधला, इस्त्री बंद केली आणि दार ओढून घेतलं. मग कडी वाजली. पाठोपाठ कुलूप.

बंब पडद्याबाहेर झेपावला. “आई...” असं त्याच्या तोंडून अर्धं निघालंही होतं, पण खारूने मागून त्याचं तोंड दाबलं. हाक मारली असती तर मामी उलटी फिरली असती, दार उघडलं असतं, आणि कोंबडी दिसली असती. मग जमादारीण संध्याकाळची वाट न बघता खानावळीत गेली असती. मामीची पावलं जिन्यावरून खाली उतरली, फाटक करकरलं आणि सगळं शांत झालं.

“आता?” बंबने विचारलं. त्याचा चेहरा गुलाबीच होता, अजून लाल व्हायचा होता.

“आता काय, बसायचं. मामी येईल थोड्या वेळात.”

“आईला शाळेतल्या बाई भेटल्या की ती थोड्या वेळात कधी येत नाही. आणि बाबा येणार खानावळवाल्यांना घेऊनच.”

खारूने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आपणच गप्प बसायला लावलं होतं, तेव्हा आता घाबरायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

पहिला काही वेळ मजेत गेला. शंकीने शिवताना बोटाला घालायचं धातूचं अंगुस्तान चढवून टेबलावर ताल धरला. बंबने टेपने सगळ्यांची डोकी मोजली आणि स्वतःचं सगळ्यात मोठं निघालं म्हणून तो खूश झाला. पण दुपार चढली तसा वरचा पत्रा तापला. दाराला तिघांनी मिळून खांदे लावले, ते हललंसुद्धा नाही. खिडक्यांचे गज इतके जवळ होते की त्यातून शंकीचाही फक्त हातच बाहेर जाई. बाटलीतलं पाणी अर्ध्यावर आलं. खोली एकदम लहान वाटायला लागली. खारूला वाटलं, जमादारीणला टोपलीखाली असंच वाटत असणार, आणि तिला तर बिचारीला आपण बरं करतोय हेही माहीत नाही.

तिने टोपली उघडली. जमादारीण एका कुशीवर कलली होती. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. खारूने तिला मांडीवर घेतलं, झाकणात पाणी धरलं, पण तिने चोच बुडवली नाही. दुखरा पाय जखमेच्या खाली निळसर पडला होता. खारूने त्याला हात लावला. एवढ्या उकाड्यात पाय गार होता.

“बंब, हिचा पाय मरतोय रे,” ती म्हणाली. आता मात्र तिला भीती लपवता आली नाही.

शंकी पुढे वाकून निरखून बघत होती. “ताई, कुत्रा गोल चावतो का?”

“शंके, आत्ता नको हं.”

“अगं, पण बघ ना. जखम पायाभोवती गोल आहे. पुढे पण आहे आणि मागे पण. मग शेठने तिच्या पायाभोवती फिरून फिरून चावलं का?”

बंब आणि खारू पायावर वाकले. आठवडाभर ते त्या जखमेवर मलम थापत होते, आणि मामाने ‘कुत्रं’ म्हटल्यावर कुणी जखमेकडे धड बघितलंच नव्हतं. शंकी म्हणत होती ते खरं होतं. दात लागले असते तर इथे एक, तिथे एक अशा खुणा असत्या. ही तर बांगडी होती.

“मलम आणि खपली काढायला हवी,” खारू म्हणाली. “पण ओढून नाही. गरम पाणी हवं.”

“इथे कुठून आणणार गरम पाणी?” बंब म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याची नजर इस्त्रीकडे गेली. त्याने तिचं बटण दाबलं आणि ती तापेपर्यंत थांबला. मग मामीचं फडकं बाटलीतल्या पाण्याने भिजवलं, त्यावर इस्त्री टेकवली, आणि चर्र करून वाफ निघाली. फडकं थोडं निवल्यावर खारूने ते आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं आणि मग जमादारीणच्या पायाभोवती गुंडाळलं. पुन्हा भिजवायचं, पुन्हा इस्त्री, पुन्हा गालाला, पुन्हा पायाला. शंकी कोंबडीच्या डोळ्यांवर ओढणी धरून तिला तिच्याच जमादारीच्या गोष्टी सांगत होती. बाटलीतलं पाणी संपत आलं तेव्हा कुठे मलम पुसलं गेलं आणि खपलीची एक कड सुटली.

खालून काहीतरी डोकावलं. केसाएवढं बारीक आणि पिवळं.

“दोरा!” बंब ओरडला.

दोराच होता. कोंबडीचा पाय पिवळा, मलम पिवळं आणि दोराही पिवळा, म्हणून तो इतके दिवस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लपून बसला होता. चालता चालता पायात अडकला असेल, ती उकिरडा उकरताना आवळला गेला असेल, पाय सुजला तसा आत आत रुतत गेला असेल. आणि आपण वरून मलम लावत बसलो, या विचाराने खारूला रडूच कोसळलं.

“पण दोरा आला कुठून?” शंकीने विचारलं.

तिघांच्याही माना हळूहळू भिंतीवरच्या फळीकडे वळल्या. खारूने जमादारीणला सांभाळत रिळं एकेक करून पायाशी धरली. लिंबाच्या रंगाचं नव्हतं, केशरी झाक असलेलंही नव्हतं. तिसरं रीळ मात्र हुबेहूब होतं. गणवेशाच्या खिशांवरची शिवण मामी याच दोऱ्याने घालत होती. ओढला तर बोट कापेल पण तुटणार नाही असा चिवट दोरा.

बंब खिडकीशी गेला आणि खाली जिन्याकडे बघायला लागला. “आई रोज काम संपलं की दोरे-चिंध्या पडायला जमिनीवर अंथरलेली चादर जिन्यावरून खाली झटकते,” तो म्हणाला. “खोली आरशासारखी लख्ख ठेवते म्हणून सगळे तिचं कौतुक करतात.” त्याचा चेहरा गुलाबी नव्हता की लाल नव्हता, अगदी पांढरा पडला होता. “म्हणजे हे आईने केलंय.”

“तिने मुद्दाम केलंय का, वेड्या?” खारू म्हणाली.

“शेठनेही मुद्दाम केलं नव्हतं. त्याने तर केलंच नव्हतं. तरी तो साखळीला आहे.”

तेवढ्यात शंकी गजांना नाक लावून सांगायला लागली की खाली जिन्यापाशी एक तांबडी कोंबडी पाय झटकतेय आणि तिच्या नखाला काहीतरी लोंबतंय.

खारूने मन घट्ट केलं. मामीची दोरे कातरायची चिमुकली कातरी घेतली, पण तिचं टोक दोऱ्याखाली जाईना. मग तिने एक जाड सुई घेतली आणि उलटी धरली. नेढ्याची बाजू बोथट असते, ती टोचत नाही. नेढं दोऱ्याखाली हलकेच सरकवून तिने वेढा उचलला आणि बंबने कातरीने तो कापला. एक वेढा सुटला, मग आणखी एक. जमादारीणने पंख फडफडवले आणि खारूच्या मनगटावर चोच मारली. खारूने हूं की चूं केलं नाही.

पण शेवटचा वेढा मांसात गडप झाला होता. तो दिसतच नव्हता. अंदाजाने सुई घातली असती तर पायाला नवी जखम झाली असती. खारूने सुई खाली ठेवली.

“कुणालातरी बोलवायलाच हवं,” ती म्हणाली. “लपवाछपवी पुरे झाली.”

दुसऱ्या खिडकीखाली घड्याळकाकांचं अंगण होतं. काका त्यांच्या दाराशी टेबल मांडून, एका डोळ्याला भिंग लावून काम करत होते आणि शेजारी रेडिओ चालू होता. तिघं एका सुरात ओरडले. काकांच्या आधी शेठला ऐकू गेलं. तो साखळी ताणून भुंकायला लागला. काका मान वर न करता म्हणाले, “गप रे शेठ. आधीच तुझं नाव झालंय.” मुलं पुन्हा ओरडली, शेठ पुन्हा भुंकला, काकांनी रेडिओचा आवाज वाढवला. मुलांनी आणखी जोर लावला, शेठने त्याहून जास्त. प्रत्येक वेळी बोलणी शेठलाच बसत होती.

बंब घसा धरून खाली बसला. “या माणसाला हाक ऐकूच येत नाही. पण आमची कोंबडी त्यांच्या कुंडीला नुसती शिवली तरी तक्रार घेऊन हजर.”

खारू हळूच म्हणाली, “बंब, तक्रारीला येतात ना? मग तक्रार करायला लावूया.”

तिने आडोशाकडे बोट दाखवलं. पडदा काढायला बंबला टेबलावर चढावं लागलं. मामी काय म्हणेल, हे तिघांच्याही मनात येऊन गेलं आणि तिघांनीही त्याकडे कानाडोळा केला. पडद्याचं एक टोक गजाला बांधून त्यांनी तो लांबच लांब फुलाफुलांचा पडदा गजांमधून खाली सोडला. त्याचं दुसरं टोक नेमकं शेठच्या नाकापुढे लोंबायला लागलं.

शेठने आयुष्यात कशाचा पाठलाग केला नव्हता, पण नाकापुढे आलेलं सोडायला तो काही साधू नव्हता. त्याने पडदा दातांत धरला आणि ओढला. वरून मुलांनी ओढला. शेठला खेळ एवढा आवडला की तो मागच्या पायांवर उभा राहून गोल फिरला, पडदा फाटला, त्याच्या अंगावर आला, आणि पडद्यातून फक्त शेपूट बाहेर असलेला शेठ काकांच्या लाडक्या कुंड्यांमध्ये घुसला. एक कुंडी फुटली.

रेडिओ बंद झाला.

“कोण आहे वर? आज सोडणार नाही!” घड्याळकाका पडद्याचा फाटका तुकडा मुठीत धरून तावातावाने जिना चढून आले. दाराला कुलूप बघून क्षणभर त्यांचा राग कुठे ठेवावा हेच त्यांना कळेना.

“काका, आम्ही आत अडकलोय,” खारू दाराला तोंड लावून म्हणाली. “आम्हाला हवं तेवढं रागवा, पण आधी ऐका. शेठ चावला नव्हता. आमच्याकडे पुरावा आहे.”

बाहेरून काकांचा वेगळाच आवाज आला. “काय म्हणालीस?”

“शेठ निर्दोष आहे, काका. पण पुरावा अजून कोंबडीच्या पायात रुतलाय. तो काढायला तुमचं भिंग हवं.”

काका आले त्याच्या दुप्पट वेगाने खाली गेले. परत आले ते भिंग, चिमटा आणि स्क्रू फिरवायची हत्यारं घेऊन. कडीच्या कोयंड्याचे स्क्रू बाहेरूनच होते. ते काढताना काका सारखे पुटपुटत होते की असलं कुलूप लावण्यापेक्षा दाराला दोरी बांधली असती तरी चाललं असतं. कोयंडा कुलपासकट लोंबायला लागला आणि दार उघडलं. आत आलेला वारा तिघांनी पाण्यासारखा प्यायला.

काकांनी पाय बघितला आणि भिंग डोळ्याला लावलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते काढून खारूच्या डोळ्याला लावलं. “ती तुझ्या मांडीवर स्वस्थ आहे. माझ्या हातात आली तर धडपडेल. तू कर. मी सांगतो.”

भिंगातून जखम दरीएवढी दिसत होती, आणि तिच्या तळाशी पिवळी रेघ. श्वास सोडताना नाही, सोडून झाल्यावर हात हलवायचा, असं काकांनी सांगितलं. खारूने श्वास सोडला. चिमट्याने रेघ पकडली, बंबने कातरीचं टोक सरकवलं, कट्. मग तिने दोरा हळूहळू ओढला आणि तो सुळकन बाहेर आला. जमादारीणने सगळं अंग फुलवलं आणि पुन्हा मिटलं. काही वेळाने शंकीने पायाला हात लावला आणि सांगितलं की तो आता कमी गार आहे.

तेवढ्यात खाली फाटक करकरलं. मामा आणि खानावळवाले एकदमच आले आणि त्यांच्या मागून मामी. काकांच्या अंगणात फुलाफुलांच्या पडद्याच्या चिंध्या, वर सताड उघडं दार आणि दारात घड्याळकाका. मामाचा पारा चढायला एवढं पुरेसं होतं.

“काय चाललंय इथे? आणि कोंबडी कुठाय?” तो जिन्यावरूनच ओरडला.

एरवी खारू तिथेच गडबडली असती. आज ती जमादारीणला कुशीत घेऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही की अडखळला नाही. “मामा, ती आजारी नाहीये. तिला कुत्राही चावला नव्हता. तिचा पाय बांधला गेला होता. ती आठवडाभर बांधलेली होती आणि आपण कुणीच नीट बघितलं नाही. मीसुद्धा नाही.”

तिने मूठ उघडली. तळहातावर पिवळ्या दोऱ्याचे तुकडे होते. बंबने शेजारी मुकाट्याने ते रीळ धरलं.

मामीने तुकडे बघितले, रीळ बघितलं, मग जिन्याखाली पाय झटकत फिरणारी तांबडी कोंबडी बघितली. मामी खरी हुशार, तिला एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी तिला बोलता येईना. बंब जाऊन तिला चिकटून उभा राहिला.

“तुम्ही सकाळी मला सांगत होतात ना?” शेवटी ती म्हणाली. “टोपलीचं?”

“तू ‘हं’ म्हणालीस,” शंकीने खरं ते सांगितलं.

खानावळवाल्यांनी घसा खाकरला. त्यांना एवढ्या नाट्यात कोंबडी मागायची म्हणजे जिवावर आलं असावं. ही राहू द्या, असं म्हणून ते आल्या वाटेने निघून गेले. मामा मात्र पुढे आला. त्याने वाकून तो पाय बघितला, या वेळी जवळून. मग त्याने खारूच्या डोक्यावर हात ठेवला. “लांबून निकाल दिला मी. तुम्ही पोरांनी जवळ जाऊन बघितलंत. मोठं काम केलंत,” तो म्हणाला. यात ‘बरं, बरं’ कुठेच नव्हतं. नंतर तो कुंपणापलीकडे गेला आणि स्वतःच्या हाताने शेठची साखळी काढली. काकांना काय म्हणाला ते मुलांना ऐकू आलं नाही, पण त्या रात्री काका मामाकडे जेवायला होते. फुटलेल्या कुंडीबद्दल ते जेवणभर बोलले, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परस उकरून दोरे वेचले. तांबडीच्या नखातला दोरा मामीने स्वतः काढला. शिवणखोलीत दोऱ्यांसाठी एक पिशवी टांगली गेली, आणि चादर त्या दिवसापासून पिशवीतच झटकली जाऊ लागली.

जमादारीण लगेच काही ठणठणीत झाली नाही. कोमट पाण्याचा शेक रोज द्यावा लागे. टोपली परसातच, पण जाळीखाली ठेवली, म्हणजे बाकीच्या कोंबड्यांना तिचा विसर पडू नये आणि त्यांच्या चोचीही तिच्यापर्यंत पोहोचू नयेत. एक बोट वाळून गळून पडलं, तेव्हा खारू पुन्हा रडली. मग एका सकाळी तिने टोपली उचलली, तर जमादारीण दोन्ही पायांवर उभी होती. तिने मान ताठ केली, इकडेतिकडे पाहिलं आणि कुंपणाच्या कडेने, लंगडत का होईना, फेरीला निघाली. पहिल्याच फेरीत ती शेठच्या पायरीवर चढली. शेठने एक डोळा उघडला, तिला जागा करून दिली आणि डोळा मिटला.

सुट्टी संपत आली. निघायच्या आदल्या दिवशी मामी व्हरांड्यात गुडघे टेकून एका झग्याची कड टाचत होती. ओठांत टाचण्यांची रांग होती. खारू जमादारीणला घेऊन तिच्यापाशी आली.

“मामी, जायच्या आधी हिला एकदा शिवणखोली दाखवू?”

मामीचा हात थांबला. तिने तोंडातली एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या गादीत खोचली. मग दुसरी, मग तिसरी. गिऱ्हाईक बाई ताटकळत उभ्या होत्या. सगळ्या टाचण्या काढून झाल्यावर मामीने वळून खारूकडे नीट पाहिलं.

“आता सांग,” ती म्हणाली. “काय म्हणत होतीस?”